काडेपेटीतला कापूस

आमच्या डॉक्टरसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, पण काडेपेटी हमखास सापडायची. विडी-सिगारेटचं त्यांना वावडं होतं आणि त्या पेटीत काडीही नसायची. आत असायचा कापूस. तोही बाजारचा नाही, पहूरला त्यांच्या घरच्या शेतातला. रिकामा वेळ मिळाला की बोटांनी पिंजत बसायचे. इतका हलका करायचे, की त्यांनी पेटी उघडली की समोरच्याने श्वास रोखून धरायचा, असा दवाखान्यात अलिखित नियमच होता.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका आडवळणी गावी, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले तो दिवस मला लख्ख आठवतो. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी मी. साहेब काय विचारतील याची रात्रभर मनात उजळणी करून आलेली. साहेबांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खुर्ची दाखवली, काडेपेटी उघडली आणि चिमूटभर कापूस माझ्या नाकासमोर सोडला. तो तरंगत तरंगत माझ्या खांद्यावरून मागच्या कपाटाकडे गेला.

"बघ भाऊ, तू शिंकलीस तर कपाट आजारी पडेल, मी नाही. बस निवांत."

ते सगळ्यांना भाऊ म्हणायचे. मला, कंपाउंडरला, गाभण म्हशीला आणि जिल्ह्याच्या साहेबांनासुद्धा. मी घरी फोन करून आईला सांगितलं, की साहेब वेडे आहेत. आई म्हणाली, सरकारी नोकरी आहे ना, मग असू देत.

लोक त्यांना कापूसवाले डॉक्टर म्हणत. ते एस.टी.त बसले की आधी कापूस सोडायचे आणि तो जिकडून येतो त्या बाजूची सीट धरायचे. कंडक्टरची ओळख होती म्हणून बरं. लग्नात गेले की मांडवात कापूस सोडायचे, नवरीकडचे लोक अक्षता समजून हात जोडायचे. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली, की बाकीचे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी कशी भाजली जातायत ते बघायचे आणि हे धूर कुठे जातोय ते बघत त्याच्यामागे बांधापर्यंत चालत जायचे. वांगी संपायची. परत येऊन उरलेल्या कळण्याच्या पुरीवर समाधान मानायचे, वर म्हणायचे, "आज काय सुंदर वळला धूर!" त्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं होतं, "आमच्या घराला इतक्या खिडक्या आहेत की चोरसुद्धा गोंधळतो, कुठून शिरू म्हणून. धूळ मात्र गोंधळत नाही."

त्यांच्या या वेडाला एक मालक होता. तो म्हणजे फ्लूचा विषाणू. गुरांचा डॉक्टर माणूस, लाळ्या-खुरकुताच्या लशी टोचण्यात हयात गेलेली, पण जीव अडकला होता तो या डोळ्यांना न दिसणाऱ्या भामट्यात. त्याच्याविषयी बोलायला लागले की आवाज चढायचा, हात उडायचे, चहा गार व्हायचा. साथीची इतकी गोडी असलेला माणूस अशुभच, असं गावातले काही जण दबक्या आवाजात म्हणायचे. मलाही आधी तसंच वाटे. पुढे कळलं, की पोलिसाला जशी अट्टल चोराची माहिती असते, तशी ती गोडी होती.

"हा मूळचा पाण्यातल्या बदकांचा सोबती," ते सांगायचे. "बदकाच्या आतड्यात निवांत राहतो, त्याला फार त्रास देत नाही. तिथून कोंबडीत आला की मात्र शेडच्या शेड आडवी करतो. आता त्याला माणसात यायचंय. येईल? इतकं सोपं नाही, भाऊ! आधी दार उघडलं पाहिजे. कोंबडीच्या पेशीचं कुलूप वेगळं, आपल्या नाका-घशातलं वेगळं. त्याच्या किल्लीनं उघडणारं कुलूप आपल्याकडे आहे, पण ते खोल छातीत. तिथपर्यंत पोचला तर माणसाला लोळवतो, पण खोकल्याबरोबर बाहेर पडायला त्याला जमत नाही. म्हणजे गावभर होत नाही."

"मग झालं की," मी म्हणायचे.

"झालं काय? पुढे ऐक! कोंबडीचं अंग गरम आणि आपलं नाक थंड. जळगावच्या मे महिन्यात वाढलेला माणूस थंडीत मनालीला नेऊन सोडला तर काम करील का? कुडकुडत बसेल. तसा हा नाकात कुडकुडतो. आणि समजा रुळला, तरी पुढचं संकट उरतंच. खोकल्याचा बारीक थेंब हवेत वाळतो, त्यात टिकून दुसऱ्या माणसाच्या नाकापर्यंत जायचं. यातच बहुतेक विषाणू मरतात."

"मग घाबरायचं कशाला?"

इथे ते टेबलावर थाप मारायचे. या प्रश्नासाठीच सगळं चाललेलं असायचं. "कारण तो नक्कल करताना चुका करतो! स्वतःची नक्कल काढतो आणि दर वेळी कुठेतरी चुकतो. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. पण लाखात एखादी चूक कामाची निघते. नव्या सुनेला सासरचं पाणी आधी मानवत नाही, मीठ खारट लागतं, दार कुठलं कुठे उघडतं कळत नाही. पण राहिली चार महिने, की किल्ल्या तिच्याच कमरेला. त्याला फक्त राहायला वेळ मिळता कामा नये."

आणि मग त्यांचं ते आवडतं वाक्य यायचं, जे मी तालुक्याच्या सभेत, शाळेत, म्हशीच्या गोठ्यात आणि एकदा तेराव्याच्या जेवणातही ऐकलं आहे. "डुक्कर म्हणजे धर्मशाळा!" डुकराच्या अंगात दोन्ही कुलपं असतात, पक्ष्यांची आणि माणसांची. या विषाणूचा सगळा संसार आठ बोचक्यांत बांधलेला असतो. पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन फ्लू एकाच वेळी एकाच डुकरात उतरले, तर एकाच धर्मशाळेत दोन वऱ्हाडं उतरावीत तसं होतं. सकाळी निघायच्या घाईत याचं बोचकं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. बाहेर पडतं ते तिसरंच वऱ्हाड, ज्याला कोणी ओळखत नाही. "आणि भाऊ," आवाज खाली आणून ते म्हणायचे, "धर्मशाळा डुकराचीच लागते असं नाही. वेळ वाईट असली तर माणूसही होतो."

धुळ्याच्या सभेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंद काचांचा हॉल, एसी सुरू, व्यासपीठावर मोठे साहेब, विषय साथीची पूर्वतयारी. डॉक्टरांनी सकाळीच मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याला गाठलं आणि सांगितलं, चहाच्या वेळेआधी तव्यावर सुक्या मिरच्या भाज. सभा रंगात आली आणि पहिला ठसका बसला तो स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या माणसाला नाही, तर थेट व्यासपीठावर मोठ्या साहेबांना! मग दुसऱ्या रांगेला, मग आम्हाला. दाराजवळचे लोक चकित होऊन बघत होते. एसीने तिकडची हवा ओढून पहिली फेक व्यासपीठावर केली होती. मोठे साहेब डोळे पुसत कडाडले, हा काय चावटपणा आहे? डॉक्टर उभे राहिले, आनंदाने लाल झालेले. "साहेब, मिरची आहे म्हणून कळलं तरी. तो आला असता तर कळलंही नसतं. माझी विनंती एवढीच, काचा उघडा." काचा उघडल्या. नोटीसही निघाली. नोटीस त्यांनी माझ्यासमोर वाचली आणि म्हणाले, "दुसऱ्या रांगेचा क्रम मात्र माझा चुकला, भाऊ. मला वाटलं होतं तिसरी आधी खोकेल."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका हिवाळ्यात आमच्याच भागातल्या एका शेडमधल्या कोंबड्या माना टाकायला लागल्या.

नमुने गेले, निकाल आला, जे नको होतं तेच निघालं. नियम सरळ असतो. शेडच्या आसपासच्या सगळ्या कोंबड्या, पाळलेल्या असोत की परसातल्या, नष्ट करायच्या. मारणारं पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघं घरोघरी जाऊन कोणाकडे किती पक्षी ते बघत होतो. शेडमध्ये आम्ही त्या दिवशी पाऊलही ठेवलं नव्हतं, डॉक्टर त्याबाबत फार कडक. लोक शिव्या घालत होते, पण दाखवत होते.

गावाच्या टोकाला एक अक्का राहायच्या. एकट्या, तोंडाने फटकळ, हाताने उदार. मी नवीन असताना त्यांनी मला कित्येकदा गरम भाकरी खाऊ घातली होती. त्यांच्या परसातलं खुराडं रिकामं होतं.

"कोंबड्या? विकी टाक्यात बजारमा," अक्का म्हणाल्या. "एक बी नही आते."

डॉक्टरांनी खुराड्याकडे पाहिलं. खुराड्यासमोर ताजे दाणे सांडलेले होते. ते मीही पाहिले होते. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. ओट्याला लागून एक खोली होती, दार लावलेलं, खिडकीत चिंध्या कोंबलेल्या. दाराच्या वरच्या फटीतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

"तठे मनी आंडेर शे," अक्का घाईने म्हणाल्या. आंडेर म्हणजे लेक. "बाळतीन शे. गडीमानूसनी जवळ जावानं नही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि सवयीने काडेपेटी काढली. उंबऱ्यापाशी कापूस ठेवला. तो सुर्रकन दाराखालून आत ओढला गेला. आत शेगडी असणार, गरम हवा वरून बाहेर आणि गार हवा खालून आत, हे आता मलाही पाठ झालं होतं. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. वरच्या फटीतून धुराबरोबर काहीतरी पांढरं बाहेर आलं आणि हेलकावत खाली उतरलं. कापूस आत जाऊन इतक्यात परत आला की काय, असं मला क्षणभर वाटलं.

डॉक्टरांनी ते तळहातावर झेललं. कोंबडीच्या छातीवरचं मऊ पीस होतं.

सरकारी माणूस बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. गावात याहून सुरक्षित जागा नव्हती. म्हणून ज्या खोलीत वाऱ्याची झुळूक जाऊ द्यायची नाही, तिथेच त्यांनी कोंबड्या लपवल्या होत्या, लेकीच्या आणि आठवड्याच्या नातवाच्या शेजारी.

"अक्का," डॉक्टर इतके हळू बोलले की मला त्यांचा आवाज ओळखू येईना, "खिडकी उघडा."

"खिडकी? येडा व्हयनात का डॉक्टर? तिले वारं लागी जाई!"

"आत कोंबड्या आहेत, अक्का."

अक्कांचा चेहरा पडला आणि मग पेटला. "हा, शेत कोंबड्या! मंग काय करशात? मारी टाकशात ना? पोरले अंडं लागस, रस्सा लागस. मी काय तिले गोळ्या खावाडू? मन्या कोंबड्यास्ले काहीच व्हयेल नही!"

आतून लेकीच्या खोकल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी विचारलं, तिला खोकला कधीपासून? दोन दिवस, अक्का म्हणाल्या. जावई सुरतेहून बाळाला बघायला आले होते, त्यांना पडसं होतं, तेच लागलं असेल. डॉक्टरांनी डोळे मिटले. मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन वऱ्हाडांची बोचकी दिसत होती.

दुसरा कोणी असता तर दार ढकललं असतं. पोलीस बोलावले असते. डॉक्टरांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "तू बाई आहेस, तू जा. हात धू, नवा मास्क बांध. कोंबड्यांना, बाळाला हात लावू नकोस. कोंबड्यांपाशी कापूस सोड आणि अक्कांना फक्त बघू दे. बोलू नकोस काही."

मी आत गेले. अंधार, ऊब, ओव्याचा आणि बाळाच्या तेलाचा वास. बाजेवर लेक पडली होती, तापाने डोळे लाल, कुशीत कुंची घातलेलं बाळ. बाजेच्या पायथ्याशी, शेगडीच्या पलीकडे, गोधडीने झाकलेलं बांबूचं डालगं होतं. अंधारात कोंबडी गप्प राहते, तशा त्या गप्प होत्या. मी गोधडीचं टोक उचललं. एका कोंबडीचा तुरा निळा पडलेला, मान एका अंगाला. मी चिमूटभर कापूस डालग्यापाशी सोडला.

अक्का माझ्या मागे उभ्या होत्या. कापूस जमिनीवरून शेगडीकडे सरकला. शेगडीच्या उबेने वर चढला, पार आढ्यापर्यंत. तिथे घुटमळला. दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात तो आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होता. मग तो बाजेच्या बाजूला वळला आणि जड पावलांनी उतरावं तसा खाली खाली येत बाळाच्या कुंचीवर बसला.

अक्कांनी तो उचलला, बोटांत धरून बघितला, परत माझ्याकडे दिला. "आखो," त्या म्हणाल्या. पुन्हा.

मी पुन्हा सोडला. पुन्हा तीच वाट, या वेळी बाळाच्या गालाजवळ.

अक्कांनी पदर खोचला, तरातरा खिडकीशी गेल्या आणि चिंध्या ओढून काढायला लागल्या. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. "लई जा!" त्या ओरडल्या. "बठ्ठ्या लई जा मन्या कोंबड्या!" आणि मग तिथेच खिडकीच्या गजाला धरून ढसाढसा रडल्या. मीही रडले. बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "अक्का, वारा तिच्या अंगावर नको, वरचा झरोका उघडा, तिच्या डोक्यावरून जाऊ द्या! शेगडी बाहेर घ्या!" बाळंतिणीला वारा लागू नये, हे त्यांनी त्याही वेळी मानलं. हे मी कधी विसरणार नाही.

मग धावपळ झाली. आरोग्य खात्याची माणसं आली. लेकीला आणि बाळाला दुसऱ्या हवेशीर खोलीत हलवलं, नमुने घेतले, औषध सुरू झालं. अक्का आणि मी, आम्हालाही गोळ्या आणि वेगळं राहणं आलं. कोंबड्या गेल्या. निकाल आले ते डॉक्टरांनी मला फोनवर वाचून दाखवले. अक्कांच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू होता. लेकीला तो नव्हता, तिला साधा माणसांचा फ्लू होता, जावयाबरोबर सुरतेहून आलेला.

"म्हणजे वाचलो!" मी फोनवर किंचाळले.

ज्या माणसाला मी चहा पिण्यापुरतंही गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, तो गप्प होता. मग म्हणाले, "भाऊ, दोन वऱ्हाडं एकाच खोलीत उतरली होती. शेजारी शेजारी. फक्त एकमेकांना भेटली नाहीत." आणि मग त्यांचा तो नेहमीचा आवाज उसळून आला. "नाही भेटली! आपण खिडकी उघडली! अक्कांनी उघडली!" फोनवर ते हसत होते की काय करत होते, मला कळलं नाही. मी नुसतीच "हो साहेब, हो साहेब" करत राहिले.

लेक बरी झाली. बाळाला काहीच झालं नाही, ते दिवसेंदिवस गुबगुबीत होत गेलं. बारसं मात्र लांबलं. लांबलेल्या बारशाला अक्कांनी गाव बोलावलं, आणि डॉक्टरांना तर आग्रहाने. मी त्यांच्याबरोबर गेले. अंगणात मांडव, वांग्याच्या भाजीचा दरवळ, बायकांची गर्दी. डॉक्टर फाटकाबाहेरच निंबाखाली थांबले. तोंडावर मास्क.

"साहेब, चला की आत," मी म्हणाले.

"सर्दी झालीय मला. साधीच असेल. पण मी आत येत नाही. तू जा, माझा आशीर्वाद सांग."

मी आत जाऊन अक्कांना सांगितलं. मला वाटलं, आता फटकळ तोंड सुटणार, बोलावलेला पाहुणा दारातून परत चालला म्हणून. अक्का बाळाला लेकीच्या मांडीवर ठेवून उठल्या. कमरेची पिशवी चाचपली, आतून एक चुरगळलेली काडेपेटी काढली आणि फाटकापाशी जाऊन चिमूटभर कापूस सोडला. अगदी डॉक्टरांसारखा, हात खांद्याच्या उंचीवर धरून. अख्ख्या बारशाच्या बायका बघत राहिल्या. कापूस मांडवाकडे न येता फाटकाबाहेर, निंबाकडे, डॉक्टरांकडे तरंगत गेला.

"वारा तुमनाकडे शे, डॉक्टर," अक्का ओरडल्या. "आठून तठे जास. पोरले काही व्हवाव नही. तठेच बठा, ताट तठेच धाडस मी."

डॉक्टर निंबाखाली मांडी घालून बसले. ताट मीच घेऊन गेले. मास्क खाली करायच्या आधी त्यांनी आपल्याकडे आलेला तो कापूस गवतातून हळूच उचलला आणि आपल्या पेटीत ठेवला.